शंभरातले साठ

देवीच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची, हात जोडून प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवी पाकळी आधी गळाली तर होकार, डावी आधी गळाली तर नकार. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडी समुद्राला मिळते तिथल्या कोळीवाड्यात गावदेवीला असा कौल लावतात. नारळी पौर्णिमेला नारळ दर्याला वाहिला की होड्या कोणत्या दिवशी लोटायच्या, हे त्या पाकळीवर ठरते. श्रावणात त्या देवळात माझे कीर्तन असे. पाकळी हलू लागली की सभामंडपातल्या बायांच्या बांगड्यासुद्धा वाजायच्या थांबत. त्या शांततेतल्या श्रद्धेला माझा साष्टांग नमस्कार आहे. तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका वर्षाबद्दल. त्या वर्षी पाकळी लावलीच गेली नाही, आणि तरीही देवीच्या नावाने निकाल सांगितला गेला. निकाल फसला तेव्हा सांगणारे बाजूला सरले, आणि जिने निकाल दिलाच नव्हता अशा एका मुलीला दंड ठोठावला गेला. कीर्तनकाराने राग गिळावा, असे आमचे गुरू सांगत. गुरूंची क्षमा मागून सांगतो, हा राग मी गिळणार नाही.

मुलीचे नाव वनमाला. वडील धर्मा नाखवा, म्हणजे स्वतःच्या होडीचे मालक आणि स्वतःच तिचे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे. आई अंजनाबाई अंधेरी बाजारात म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन बसे. लहानपणी वनमाला कीर्तनाला पहिल्या रांगेत येऊन बसायची आणि निरूपण संपायच्या आत प्रश्न विचारायची. एकदा मी गोवर्धनाचे आख्यान लावले होते. इंद्र कोपला, मुसळधार कोसळला, गोपाळांनी डोंगराखाली आसरा घेतला, असे रंगात येऊन सांगत होतो. तोच खालून आवाज आला, "बुवा, वारा कुठल्या अंगानं होता?" सभा हसली. टाळ थांबले. मीही हसलो आणि आख्यान पुढे रेटले.

तिच्या घरी एक रेडिओ होता. संध्याकाळी मच्छीमारांसाठी हवामान सांगत, तेव्हा धर्मा हातातले जाळे खाली ठेवून ऐके.

"बाबा, हा रोज बोलतो तो कोण?"

"कोण म्हंजे? रेडिओवाला."

"त्याला कोण सांगतं?"

"सरकार."

"आणि सरकारला?"

"तुज्या आयेला विचार. तिला बाजारातलं सगलं ठाव असतं."

आईला कुणी विचारले नाही, तरी तिने सांगितले, "शिकलेली मान्सं सांगतात गो. आपली नाय." पोरीच्या मनात ते वाक्य काट्यासारखे राहिले. शिकलेली माणसे आपली का नाहीत? त्यानंतर एका पावसाळ्याच्या अखेरीस धर्माचा धाकटा भाऊ दर्यात गेला तो परत आलाच नाही. त्या दिवशीही रेडिओ म्हणाला होता, मच्छीमारांनी सावध राहावे. पण तो रोजच तसे म्हणत असे. रोज सावध राहा म्हणणाऱ्याचे कोण ऐकणार? वनमालेने तेव्हा ठरवले, की सावध राहा म्हणायचे असेल तर किती सावध, हेही सांगता आले पाहिजे.

पार्ल्याच्या कॉलेजात तिने पदार्थविज्ञान घेतले. पुढे हवामानशास्त्र शिकायचे तर मुंबई सोडावी लागणार होती. पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात तिला जागा मिळाली. वाड्यात चेष्टेला ऊत आला. "धर्मा, तुजी पोर हवा खायला जातंय? आपली चौपाटी काय वाईट हाय?" धर्मा हसून पुढे जाई. अंजनाबाई मात्र पाटी उतरवून उभी राही आणि विचारी, "तुज्या पोराला दहावीत किती मार्क होते रं?" मग चेष्टा थांबे.

तिकडून सुट्टीत आली की वनमाला आधी देवळात यायची आणि मग माझ्याजवळ बसून बोलायची. तिथे सूर्य समुद्रातून वर येतो, याचेच तिला पहिले काही महिने नवल वाटत राहिले. आपण दर्यात बुडताना पाहतो, आणि ती माणसे त्याच सूर्याला दर्यातून निघताना पाहतात. "बुवा, दोघांनी आपापल्या किनाऱ्यावरून शपथ घेतली, तर दोघंही खरं बोलतील ना?" असे तिने मला विचारले होते. मी म्हणालो, "बाय, यावर माझं एक कीर्तन होईल." आणि झालेही.

ती तिथे जे शिकली ते ऐकताना माझ्या अंगावर काटा येई. देशभरातल्या शेकडो ठाण्यांवर एकाच वेळी माणसे उठतात, हवेचा दाब पाहतात, वारा पाहतात, ढग पाहतात आणि आकडे तारेने पाठवतात. ते सारे आकडे नकाशावर मांडायचे, आणि जिथे जिथे दाब सारखा तिथे तिथे पेन्सिलीने रेघ ओढत न्यायची. रेघा दाटीने आल्या तर वारा जोराचा, विरळ असल्या तर मंद. फुगा आकाशात सोडायचा, दुर्बिणीने त्याचा माग घ्यायचा आणि तो ढगात शिरेपर्यंत डोळा मिटायचा नाही. ज्याला आपण नुसते "वर" म्हणतो, तिथे थरावर थर वेगवेगळ्या दिशांनी वाहत असतात. हे ऐकून मी तिला म्हणालो, "तू नामस्मरणच करतेस. फक्त तुझ्या माळेतला मणी हा एकेक आकडा आहे."

तिच्या शिक्षकांनी पहिल्याच तासाला बजावले होते, की ज्याला नक्की सांगता येते त्याने या वर्गात बसू नये. हवेला उद्या काय करायचे आहे, ते हवेलाही आज पुरते ठाऊक नसते. आपण शंभरातले किती, एवढेच सांगायचे, आणि तेवढे मात्र प्रामाणिकपणे सांगायचे. हे वाक्य तिने देवाच्या वचनासारखे मनात जपले. हेच वाक्य तिला पुढे महागात पडणार होते.

पदवी घेऊन ती परत आली तेव्हा तिच्या वर्गातली मुले वाटेला लागली होती. एक विमानतळावर गेला, एक धरणाच्या पुराचा हिशेब करणाऱ्या खात्यात, एक शेतकऱ्यांना फवारणीचा दिवस सांगणाऱ्या केंद्रात, एक नौदलात. एका मुलीला चेंबूरकडच्या कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर कोणत्या वाऱ्याला कोणत्या वस्तीवर उतरतो, हे मोजायचे काम मिळाले. भोपाळनंतर त्या विद्येची किंमत लोकांना कळू लागली होती. वनमालेला हवा होता समुद्र. खोल समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत, त्यांच्याकडे जाणाऱ्या जहाजांना हवामान सांगणारी एक खाजगी कंपनी अंधेरीच्या पूर्वेला होती. तिथे ती मुलाखतीला गेली.

टेबलापलीकडे तीन साहेब होते. मधल्याने अर्जावरचा पत्ता वाचला.

"कोळीवाडा. म्हणजे तुम्ही कोळीच ना?"

"हो."

"मग एवढ्या लांब शिकायला कशाला गेलात? तुमच्या लोकांच्या तर हे रक्तातच असतं."

वनमाला म्हणाली, "रक्तात असतं तर माझा काका परत आला असता."

साहेब खाकरले. दुसऱ्याने विषय बदलला. "काम रात्रपाळीचं आहे. कधी जहाजावरही जावं लागतं. बाईमाणसाला जमायचं नाही."

"माझी आई पहाटेच्या अंधारात एकटी बंदरावर लिलावाला जाते, साहेब."

"ते वेगळं."

ते वेगळे कसे, हे कुणी सांगितले नाही. मायबापहो, या "ते वेगळं"चा मला आजही संताप येतो. कोळ्याची पोर न शिकता हवा ओळखील हे त्यांना मान्य होते, पण शिकून ओळखील हे मान्य नव्हते. बाईने अंधारात पाटी उचललेली चालते, दुर्बीण उचललेली चालत नाही. नोकरी दिली नाही याचे दुःख सोसता येते. तुझ्या आईबापांचे कष्ट म्हणजे रक्तातली एक खोड आणि तुझी विद्या म्हणजे फुकटची हौस, असे एका वाक्यात ऐकवणे हा अपमान होता. तिने तो उंबऱ्याबाहेर टाकला आणि सरकारी परीक्षेला बसली. निकाल येईपर्यंत मुलांच्या शिकवण्या धरल्या.

त्याच सुमारास तिने मच्छीमार सोसायटीच्या बर्फखान्याच्या भिंतीवर एक फळा टांगला. रेडिओचे बुलेटिन, वर्तमानपत्रातला नकाशा, शिक्षकांनी दिलेले एक वायुभारमापक आणि डोळे, एवढ्या सामग्रीवर ती रोज खडूने लिही. वारा कुठून, लाटा किती, आणि जोराच्या वाऱ्याची शक्यता शंभरातले किती. वाड्याला तो मोठा खेळ झाला. जेवायला बसलेला नवरा विचारी, "म्हावरं हाय का गो?" आणि बायको चुलीपुढून म्हणे, "शंभरातले वीस!" वनमालाही हसायची. लोक हसत का होईना, फळा वाचतात, यातच तिचा आनंद होता.

मग त्या वर्षीचा श्रावण आला. सन एकोणीसशे शहाऐंशी. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गोव्याच्या उत्तरेला, समुद्रात किनाऱ्यापासून काही अंतरावर कमी दाबाचे क्षेत्र होते. ते किनाऱ्याकडेने उत्तरेला सरकले असते तर आपल्यावर आले असते, पश्चिमेला वळले असते तर खोल दर्यात विरून गेले असते. वनमालेने फळ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिले, "पौर्णिमेनंतरचे दोन दिवस वादळी वाऱ्याची शक्यता शंभरातले साठ. काहीही न होण्याची शक्यता शंभरातले चाळीस."

सोसायटीचे चेअरमन तुळशीदास फळ्यापुढे येऊन उभे राहिले. चार माणसे भोवती जमली.

"साठ म्हंजे काय गो? येनार का नाय?"

"तुळशीकाका, येण्याची शक्यता न येण्यापेक्षा थोडी जास्त आहे. इतकंच."

"म्हंजे येनार."

"असं नाही म्हणता येत. अशी हवा शंभर वेळा आली, तर चाळीस वेळा काही होणार नाही."

"एका पुनवेला शंभर वेला कशी येल गो? पुनव वर्साला एकच!"

भोवतालचे खदखदून हसले. ती समजावू लागली, तोवर तुळशीदास पाठ फिरवून निघूनही गेले होते.

आता ऐका, ते कुठे गेले. त्यांच्या स्वतःच्या होडीचे इंजिन त्या दिवशी मेकॅनिककडे उघडे पडले होते. पौर्णिमेनंतर चार दिवस तरी ते जोडले जाणार नव्हते. वाड्याने होड्या लोटल्या असत्या तर हंगामाचे पहिले पापलेट दुसऱ्यांच्या पाटीत गेले असते. आणि कौल लावला, तर पाकळी काही चेअरमनला विचारून गळत नाही. सगळे पांगल्यावर तुळशीदासांनी परत येऊन फळ्यावरचा साठ पुसला, चाळीस पुसला आणि लिहिले, "वादळ येणार. देवीचा कौल. होड्या काढू नये." तिथून ते गेले धोंडू भगताकडे. धोंडू हा देवीपुढे कौल लावणारा, साधा, म्हातारा, भिडस्त माणूस. काय बोलणे झाले ते देवी जाणे.

पौर्णिमेला नारळ मिरवत देवळात आला. बेंजो वाजत होता, लाल टोप्या आणि अंजिरी लुगड्यांनी मंडप भरला होता. सगळे पाकळीची वाट पाहत होते. तेव्हा तुळशीदास गाभाऱ्याच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "यंदा पाकळी नको. यंदा देवी आपल्या शिकलेल्या पोरीच्या तोंडून बोलली हाय. वादळ येनार हाय. चार दिस कोनी होडी लोटायची नाय." धोंडू भगत खाली मान घालून उभा होता.

बायांच्या घोळक्यातून वनमाला ओरडली, "धोंडूमामा, मी कौल दिला नाही! मी साठ म्हटलं होतं!" तेवढ्यात तुळशीदासांनी बेंजोवाल्याला खूण केली. तिचे शब्द वाजंत्रीत बुडाले. मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. मी ऐकले. जवळच्या बायांनीही ऐकले. पुढे त्या सगळ्यांनाच ऐकल्याचे आठवेनासे झाले.

एकच होडी गेली. सीतारामच्या घरी आदल्या आठवड्यात मुलगा झाला होता. सोयर होते, म्हणून तो देवळाची पायरी चढला नव्हता. तुळशीदासांची घोषणा त्याच्या कानावर आली नाही, आणि पोर सांभाळण्याच्या घाईत फळाही त्याने पाहिला नाही. पहाटे तो निघून गेला. कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेला वळले. ढग आले तसे गेले. सीताराम परत आला तो होडीच्या काठापर्यंत पापलेट आणि सुरमई भरून. बंदरावर त्याच्या मालाला मागेल तो भाव मिळाला. वाड्यात पेढे वाटले गेले. लोक म्हणाले, काय पोराचा पायगुण! आणि त्याच तोंडाने पुढे म्हणाले, काय त्या वनीचं करंटं तोंड!

तिच्या फळ्यावर चाळीस लिहिले होते, ते चाळीस घडले. इतकेच झाले होते. पण चाळीस कुणी तरी पुसून टाकला होता.

जमातीची बैठक देवळातच भरली, दुपारी, जेवणानंतर. मी त्या जमातीचा नव्हतो, पण श्रावणाचे कीर्तन माझ्याकडे असल्याने मला कुणी उठवले नाही. आरोप असा ठेवला गेला, की वनमालेने देवीचा शब्द खाली पाडला. शिक्षा अशी, की तिने नारळ फोडून देवीपुढे "माझं चुकलं" म्हणावे, आणि पुन्हा वाड्यात हवामानाचा शब्द काढणार नाही अशी शपथ घ्यावी. नाही म्हटले, तर धर्माची होडी जमातीबाहेर. म्हणजे होडी लोटताना कुणी खांदा देणार नाही, तिच्या मालावर कुणी बोली लावणार नाही, त्या घरच्या लग्नाला कुणी जाणार नाही, आणि मेल्या माणसालाही उचलणार नाही.

तुळशीदास माझ्याकडे वळले. "बुवा, तुमी सांगा पोरीला. देवीचा शबूद खाली पडला का नाय?"

मी म्हणालो, "देवीनं शब्द दिलाच नव्हता, चेअरमन. पाकळी लावली असती तर तिला देता आला असता."

सभेत कुजबुज झाली. तुळशीदास म्हणाले, "बुवा पार्ल्याचे. त्यांना आपल्या चाली ठाव नाय."

मग वनमाला उठली.  "देवीपुढे मी रोज डोकं ठेवते. आजही ठेवीन. नारळ फोडीन. पण चुकलं म्हणणार नाही. मी खोटं बोलले असते तर म्हटलं असतं. मी साठ म्हटलं, आणि मला साठच वाटत होतं. आज माझं चुकलं म्हटलं, तर उद्या मला शंभर म्हणावं लागेल. आणि शंभर म्हणणारी मुलगी एक दिवस तुमच्यातल्या कुणाला तरी बुडवील."

"शिकलेल्या पोरी अशाच वर तोंड करून बोलतात," कुणी तरी म्हणाले.

तेव्हा अंजनाबाई उठली. पदर कमरेला खोचला. पुरुषांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. ती वळली बायांकडे, ज्या तिच्याबरोबर रोज बंदरावर लिलावाला उभ्या राहतात.

"काय गो, मुक्या झाल्यात? पाटीवर बोली लावता तेव्हा खालचा म्हावरा दिसतो तुमाला? वरचा चकचकीत बघून बोलता ना? खाली कवा सडका निघतो, कवा ताजा निघतो. सडका निघला तर बोली लावनाऱ्या डोल्यांना दंड करता? का देवीला? घरी येऊन म्हनता, आज नशीब नव्हतं. मंग माज्या पोरीनं काय येगलं केलं? तिनं पाटी उघडून दाखवली, खाली काय असंल ते बी सांगितलं. आनि तुमी तिलाच चोर म्हनता? लाज नाय वाटत?"

 एकीनेही मान वर केली नाही, हे मी पाहिले. तुळशीदास घाईने म्हणाले, "बायांनी जमातीत बोलू नये." आणि अंजनाबाई म्हणाली, "तुज्या इंजिनानं बोललं तर चालतं काय रं?"

मंडप हादरला. सगळ्यांना माहीत होते. सगळ्यांनाच माहीत होते, आणि कुणीही बोलले नव्हते. मायबापहो, माझ्या रागाचे मूळ हे आहे. तुळशीदास एकटे असते तर मी त्यांना लबाड म्हणून सोडून दिले असते. पण भरल्या मंडपाला ठाऊक असताना मंडप गप्प राहिला, आणि आईने ते उघड केल्यावरही गप्पच राहिला. कारण निकाल बदलायचा तर चेअरमनच्या तोंडावर बोलावे लागले असते, आणि मुलीला दोष द्यायला काहीच लागत नाही.

शेवटी धर्मा उठला. तो बोलणारा माणूस नव्हता. त्याने डोक्यावरची लाल टोपी काढून हातात घेतली, पायरीवरचा नारळ उचलला, एका फटक्यात फोडला आणि देवीला म्हणाला, "आये, माज्या पोरीनं तुजं नाव घेतलंच नव्हतं. ज्यानं घेतलं त्याचं तू बघ." टोपी घातली आणि बायको-मुलीला घेऊन बाहेर पडला. होडी जमातीबाहेर गेली.

पुढचे महिने मी पाहिले आहेत. ओहोटीच्या चिखलात धर्मा, अंजनाबाई आणि वनमाला, तिघेच होडीला खांदा देत. होडी वीतभर सरके आणि थांबे. किनाऱ्यावर पंधरा-वीस माणसे जाळी विणत बसलेली असत, आणि जाळ्यातून मान वर काढत नसत. या माणसांना मी शिव्या देऊ शकत नाही. त्यांच्या घरी मी जेवलो आहे, त्यांच्या मुलांची बारशी केली आहेत, त्यांच्यावर माझे प्रेम आहे. म्हणूनच एवढे लांबवून लिहितो आहे. परक्याने असे केले असते तर मी एका ओळीत संपवले असते.

एके दिवशी होडीला चौथा खांदा लागला. सीताराम होता. सोयर फिटले होते, पोराचे बारसे झाले होते. धर्मा म्हणाला, "सीताराम, जा. तुला बी बाहेर टाकतील."

"टाकू देत."

"तुज्या पोराचा तर पायगुण चांगला हाय."

"कसला पायगुण, धर्मादादा? मी तिच्या चाळीसातला हाय. मला फला दिसला असता तर मी बी घरी बसलो असतो. मी न वाचता गेलो, ह्यात माजा काय पराक्रम?" आणि त्याने खांदा दिला. होडी पाण्यात गेली.

त्या पुढच्या वर्षी वनमालेच्या परीक्षेचा निकाल लागला आणि सांताक्रूझच्या विमानतळावर हवामान सांगणाऱ्या कार्यालयात तिची नेमणूक झाली. मी एकदा तिला भेटायला गेलो. तिने मला वैमानिकांना दिला जाणारा एक कागद दाखवला. त्यावर अमुक वेळेस गडगडाटी वादळाची संभाव्यता तीस, असे चक्क छापलेले होते.

"मग वैमानिक काय म्हणतो?" मी विचारले.

"काही नाही. सही करतो आणि जादा इंधन घेतो."

"वादळ आलं नाही तर भांडायला येत नाही?"

"कशाला येईल, बुवा? मी त्याला तीस सांगितलं. निर्णय त्याचा."

 शेकडो माणसांचा जीव घेऊन आकाशात जाणारा मनुष्य जो आकडा निमूटपणे मान्य करतो, त्याच आकड्यासाठी या मुलीच्या बापाची होडी चिखलात रुतून राहिली.

बहिष्कार कधी उठला? उठवला नाहीच कुणी. माणसे हळूहळू विसरली, कारण लक्षात ठेवण्याचे त्यांना श्रम होऊ लागले. कुणाला खांद्याची गरज पडली, कुणाच्या घरी लग्न निघाले. जमातीने आपण चुकलो असे म्हटले नाही, आणि दंड मागे घेतल्याचेही सांगितले नाही. बर्फखान्याच्या भिंतीवर फळ्याचे खिळे तेवढे राहिले.

गेल्या वर्षी, म्हणजे त्या बैठकीनंतर दहा-बारा वर्षांनी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी धर्माच्या पडवीत बसलो होतो. वनमाला ड्यूटीवरून नुकतीच आली होती. फाटकाशी तुळशीदास येऊन उभे राहिले. केस पांढरे झालेले. आत आले नाहीत.

"वने, दर्यात हवा कशी हाय?"

जिने हवामानाचा शब्द काढू नये असे यांनीच ठरवले होते, तिलाच हे विचारीत होते. विळीवर म्हावरं कापणारा अंजनाबाईचा हात तसाच थांबला.  वनमाला नाही म्हणू शकली असती. मी तिच्या जागी असतो तर म्हटलेही असते.

"शंभरातले पस्तीस, तुळशीकाका."

"म्हंजे नाय येनार?"

"शंभरातले पस्तीस."

"अगो, हो का नाय ते सांग ना!"

"ते मला सांगता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं."

तुळशीदासांचा चेहरा लाल झाला.  मला वाटले, आता माफी मागतील. पण ते वळले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी देवळात पाकळ्या लावल्या गेल्या. धोंडू भगताचे हात आता फार कापतात, तरी त्यानेच लावल्या. बांगड्या थांबल्या. वनमाला बायांमध्ये हात जोडून उभी होती, डोळे पाकळीवर, इतर कोणत्याही कोळिणीसारखी. उजवी गळाली. जयजयकार झाला. गर्दीत ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बुवा, पाकळीचं शंभरातले पन्नास असतं."

"बाय, देवी ऐकेल."

"तिला माहीत आहे, बुवा. म्हणून तर ती कधी रागावत नाही."

दुसऱ्या पहाटे होड्या निघाल्या. मी किनाऱ्यावर होतो. तुळशीदासांच्या होडीत दोन पिंपे जादा डिझेल चढले, जादा दोर चढला, आणि त्यांनी तांडेलाला बजावून सांगितले, की किनारा नजरेआड करायचा नाही. आपल्या होडीपुरता पस्तीसचा अर्थ त्यांना बरोबर समजला होता. मग साठचा का समजला नव्हता, हे मी त्यांना जवळ जाऊन विचारले. ते म्हणाले, "बुवा, आता ते जुनं कशाला?"

धर्माच्या होडीला त्या पहाटे आठ खांदे लागले. माफी एकानेही मागितली नाही. येत्या श्रावणात त्याच देवळात, त्याच पायरीवर मी कीर्तनाला उभा राहणार आहे, आणि गाभाऱ्याकडे नव्हे, सभेकडे तोंड करून म्हणणार आहे, आता वनमालेची माफी मागा.